पोर्ट ऑफ स्पेनमधला ताशा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा भाचा त्रिनिदादला नैसर्गिक वायूच्या एका कारखान्यात इंजिनीअर आहे. "मामा, एकदा या. समुद्र बघा, नारळपाणी प्या, पडून राहा," असं तो तीन वर्षं म्हणत होता. शेवटी २०२३ च्या जुलैत आम्ही दोघं नवरा-बायको निघालो. कॅरिबियन म्हणजे निळं पाणी, पांढरी वाळू आणि क्रिकेट, यापलीकडे माझं ज्ञान नव्हतं. लारा तिथलाच, एवढं पाठ होतं.

पोचलो त्याच संध्याकाळी भाच्याच्या घराच्या गच्चीत चहा घेत बसलो होतो. लांबून वाद्यांचा आवाज यायला लागला. बायको म्हणाली, "कुणाचं लग्न आहे वाटतं." मी कप खाली ठेवला. तो ताशा होता. ताशासारखं काहीतरी नव्हे, साक्षात ताशा, आणि त्याच्या मागे झांज. सांगली जिल्ह्यातल्या माझ्या गावात ताबुताच्या रात्री जो कडकडाट ऐकत मी वाढलो, तो सुमारे चौदा हजार किलोमीटरवर मला ऐकू येत होता. भाचा म्हणाला, "मामा, आज इथं मोहरमची झेंड्याची रात्र आहे. जायचंय का?"

पडून राहण्याचा बेत तिथंच मोडला.

आधी हे बेट कसलं ते थोडक्यात सांगतो. त्रिनिदाद हे कॅरिबियन बेटांच्या माळेतलं दक्षिणेकडचं टोक. समोर व्हेनेझुएलाचा किनारा. आकारानं आपल्या गोव्याच्या सव्वापट. शेजारच्या टोबॅगोसह या देशाची लोकसंख्या तेरा-चौदा लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. पण त्या तेरा-चौदा लाखांत काय नाही? २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतीय वंशाचे सुमारे ३५ टक्के, आफ्रिकी वंशाचे सुमारे ३४ टक्के आणि मिश्र वंशाचे जवळजवळ २३ टक्के. उरलेल्यांत चिनी, सिरियन-लेबनानी, युरोपी आणि बेटाच्या मूळ रहिवाशांचे वंशज.

ही माणसं हौसेनं एकत्र आलेली नाहीत. आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून साखळदंडात आणली गेली. इंग्रजांनी १८३४ साली गुलामी कायद्यानं संपवली, प्रत्यक्षात माणसं मोकळी झाली ती १८३८ साली. मग उसाच्या मळ्यांवर राबायला कोण? म्हणून हिंदुस्थानातून मजूर आणायचं ठरलं. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचं जहाज तिथं लागलं. त्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती. कलकत्त्याहून निघून त्यांना साडेतीन महिने झाले होते. पुढं १९१७ पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून जास्त लोक असे गेले. बहुतेक भोजपुरी मुलखातले, काही मद्रासकडचे. मराठी मजूर गेले ते मुख्यतः मॉरिशसला, त्यामुळे आपली भाषा काही त्रिनिदादला पोचली नाही. करार पाच वर्षांचा. मळ्याची हद्द ओलांडायची तर लेखी परवाना लागे. तो जवळ नसलेला माणूस रस्त्यावर सापडला तर थेट तुरुंग.

या मजुरांत मुसलमान साधारण पंधरा टक्के, आणि त्यांतही शिया थोडे. तरीही मळ्यामळ्यांवर सर्वांत मोठा सण ठरला तो मोहरम. 'हुसेन, हुसेन' या आरोळीवरून त्याचं नावच पडलं 'होसे'.

भाच्यानं आम्हाला नेलं ते सेंट जेम्स या भागात. पोर्ट ऑफ स्पेन या राजधानीच्या पश्चिमेला हा भाग आहे. पूर्वी तिथं उसाचा मळा होता. करार संपलेले मजूर तिथं वसले आणि वस्तीला गोरे लोक 'कुली टाउन' म्हणू लागले. आज गल्ल्यांवरच्या पाट्या वाचत जा : लखनौ स्ट्रीट, दिल्ली स्ट्रीट, पाटणा स्ट्रीट. एका कोपऱ्यावर 'बॉम्बे स्ट्रीट' दिसला. बायकोनं मला त्या पाटीखाली उभं करून फोटो काढला. ज्या मुंबईनं स्वतःच्या पाटीवरून हे नाव पुसलं, ते इथं एका अरुंद गल्लीत निवांत नांदतंय.

होसेचे तीन मुख्य दिवस. पहिल्या रात्री झेंडे निघतात. दुसरी रात्र 'छोट्या होसे'ची, तेव्हा लहान ताजिये निघतात. तिसऱ्या रात्री 'मोठा होसे'. ताजियाला तिथं 'ताजा' म्हणतात, मधला 'इ' बहुधा बोटीवरच राहिला. बांबू, लाकूड, रंगीत कागद, थर्मोकोल, जरी यांचा दोन पुरुष उंच मनोरा, त्यावर घुमट. चाकांवर ठेवून तो ओढत नेतात. ठरावीक घराण्यांच्या अंगणात तो महिनाभर आधीपासून बांधला जातो. अंगणाला तिथं 'यार्ड' म्हणतात. बांधणाऱ्यांनी त्या दिवसांत मांस-मद्य वर्ज्य करायचं, वेगळं झोपायचं, आत चप्पल घालायची नाही. हे नियम ऐकताना मला आमच्याकडची पंजे बसवलेली जागा आठवत होती. तिथंही हेच.

ताजियांबरोबर दोन चंद्र निघतात. अर्धचंद्राच्या आकाराची भली मोठी चौकट, कापडानं मढवलेली. हिरवा चंद्र इमाम हसनचा, कारण त्यांना विष दिलं गेलं. लाल चंद्र इमाम हुसेनचा, करबलाच्या रक्ताचा. एक माणूस तो चंद्र खांद्यावर पेलतो आणि ताशाच्या तालावर गरगर फिरतो. वजन इतकं की पाच-सात मिनिटांत खांदा बदलावा लागतो, दुसरा लगेच खाली घुसतो. मग गर्दी मागं सरते, दोन्ही चंद्र समोरासमोर येतात आणि एकमेकांना टेकतात. दोन भावांची भेट. माझ्या अंगावर काटा आला. कारण कडेगावला ताबुतांच्या भेटी होतात तेव्हाही अशीच गर्दी मागं सरते, असाच क्षणभर श्वास थांबतो. कडेगावच्या त्या गगनचुंबी ताबुतांत हिंदू घराण्यांचेही ताबूत असतात, हे सांगलीकडच्या माणसाला सांगायला नको.

इथं चंद्र पेलणारांत एक तरुण आफ्रिकी वंशाचा होता. घामानं निथळत होता. मी भाच्याला विचारलं, "हा मुसलमान?" भाच्यानं त्यालाच विचारलं. तो हसला. म्हणाला, मी चर्चला जातो, पण या गल्लीत जन्मलो, आजोबाही हेच करत. एवढं सांगून तो पाणी प्यायला गेला. त्याला त्यात खुलासा करण्यासारखं काही वाटलं नाही. खुलासा मागणारा मीच होतो. 'तुम्ही मुसलमान असून मराठीत कविता कशा लिहिता?' हा प्रश्न तीस वर्षं ऐकत आलेल्या माणसानं दुसऱ्याला नेमका तसाच प्रश्न विचारावा, याची नंतर मला लाज वाटली.

आता ताशाविषयी. त्रिनिदादचा ताशासंच चार वाद्यांचा. पुढे बोलणारा ताशा, त्याला 'कटर' म्हणतात. ताल धरून ठेवणारा दुसरा ताशा, तो 'फूले'. मग मोठा ढोल आणि पितळी झांज. ताशाचं भांडं पूर्वी मातीचं असे, वर बकरीचं कातडं. कातडं सैल पडलं की कडेला पुठ्ठे पेटवून ते शेकायचं. रस्त्याच्या कडेला अशा शेकोट्या पेटलेल्या, त्यांभोवती ताशे धरून बसलेली पोरं, हे चित्र आपल्याकडच्या मिरवणुकीतूनच उचलल्यासारखं. प्रत्येक चालीला तिथं 'हात' म्हणतात. चालण्याचा हात वेगळा, लढाईचा हात वेगळा, दफनाचा हात वेगळा. ताजिया समुद्राकडे निघतो तेव्हा दफनाचा हात वाजतो. त्यात आवाज कमी नसतो, पण ठोक्यांमधलं अंतर असं वाढतं की चालणाऱ्याचे पाय आपोआप जड होतात. आणि लग्नाच्या वरातीत हीच मंडळी कॅलिप्सोचा हातही वाजवतात. कॅलिप्सो हे तिथलं आफ्रिकी वंशाच्या लोकांचं गाणं, थट्टेचं, राजकारण्यांच्या खोड्या काढणारं. ते ताशावर केव्हा चढलं हे कुणी सांगू शकत नाही.

या आवाजामागं रक्त सांडलेलं आहे, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. भाच्याच्या शेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहतात. त्यांनी गाडी काढली आणि आम्हाला दक्षिणेला सॅन फर्नांडोला नेलं. वाटेत त्यांनी सारी हकीकत सांगितली.

१८८० नंतरची गोष्ट. आफ्रिकी वंशाचे लोक कार्निव्हलच्या आदल्या रात्री मशाली घेऊन 'कॅनबुले' नावाची मिरवणूक काढत. गुलामीच्या दिवसांची ती आठवण. १८८१ साली पोलीस तिच्यावर चालून गेले आणि मोठी दंगल झाली. मग ढोल वाजवण्यावर निर्बंध आले. तेवढ्यात साखरेचे भाव कोसळले, मळेवाल्यांनी तेवढ्याच मजुरीत जास्त काम मागायला सुरुवात केली, संप होऊ लागले. होसे हा वर्षातला एकच दिवस असा की वेगवेगळ्या मळ्यांवरचे हजारो मजूर ताजिये घेऊन एका रस्त्यावर येत. हिंदू, मुसलमान आणि ढोल वाजवायला आलेले आफ्रिकीही. सरकारला धास्ती वाटली ती नेमकी याची. १८८४ साली हुकूम निघाला : ताजिये शहरात आणायचे नाहीत, हमरस्त्यावर काढायचे नाहीत. हा हुकूम मागं घ्या म्हणून मजुरांनी अर्ज केला. त्या अर्जावर पुढाकार हिंदू मजुराचा होता. अर्ज फेटाळला.

३० ऑक्टोबर १८८४, मोहरमची दहावी तारीख. मळ्यांवरून ताजिये निघाले, सॅन फर्नांडोच्या वेशीवर आले. समुद्र समोर. पोलीस आणि सैनिक रस्ता अडवून उभे होते. जमावबंदीचा कायदा इंग्रजीत वाचून दाखवण्यात आला आणि मग गोळ्या सुटल्या. दोन ठिकाणी. वीसच्या आसपास माणसं मेली, शंभराहून जास्त जखमी झाली. मृतांत हिंदूही होते आणि मुसलमानही. पुढं जमैकाचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन यांनी चौकशी केली आणि सरकारवर ठपका ठेवला नाही. केल्विन सिंग या इतिहासकारानं १९८८ साली या गोळीबारावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठं नव्या पिढीला ही गोष्ट नीट कळली.

मास्तरांनी गाडी एका गजबजलेल्या चौकात हळू केली आणि "हे मोन रेपो" एवढंच म्हणाले. दोन्ही बाजूंनी वाहतूक. आम्ही उतरलोही नाही. मागच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला आणि आम्ही पुढं गेलो.

या बंदीतूनच एक वाद्य जन्मलं, तेही सांगायला हवं. ढोलांवर बंधनं आल्यावर आफ्रिकी वंशाच्या पोरांनी बांबू कापून ते जमिनीवर आपटून ताल धरला. मग बिस्किटांचे डबे, कचऱ्याची पिंपं, आणि शेवटी तेलाची रिकामी पिंपं. बेटावर तेलविहिरी असल्यामुळे पिंपांना तोटा नव्हता. पिंपाचं बूड ठोकून वेगवेगळे खोलगट भाग केले तर वेगवेगळे सूर निघतात, हे १९३० ते ४० च्या दशकांत त्यांना सापडलं. ते 'स्टीलपॅन'. १९९२ साली ते राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर झालं. ज्यांच्या हातातून कातड्याचा ढोल काढून घेतला, त्यांनी लोखंडाला गायला लावलं.

खाण्याविषयी बोललो नाही तर बायको रागावेल, कारण तिनं बेट समजून घेतलं ते स्वयंपाकघरातून. सकाळी सातला रस्त्याच्या कडेला गाडीवर 'डबल्स' मिळतं. मैद्याचे हळद घालून तळलेले दोन मऊ 'बारा', म्हणजे आपले वडे, भोजपुरी उच्चारात. मध्ये छोल्यांची उसळ, वर चिंच, काकडी आणि आग लावणारी मिरची. प्रिन्सेस टाउन या गावात १९३६ साली डीन नावाच्या मुसलमान कुटुंबानं हे सुरू केलं. आधी एकच बारा असायचा, गिऱ्हाइकं दुप्पट मागू लागली म्हणून डबल्स. आज त्या गाडीभोवती बँकेतला साहेब आणि रस्ता झाडणारा एकाच ओळीत वाकून खातात. वाकून, कारण रस्सा शर्टावर पडतो.

रविवारी भाच्याच्या घरमालकिणीनं जेवायला बोलावलं. वर्णानं काळ्या, स्वभावानं आमच्या आत्यासारख्या. त्यांनी 'पेलाव' केला होता. नाव पुलावाचं, पण कोंबडी आधी जाळलेल्या साखरेत परतायची, ही रीत आफ्रिकी घरांतली. त्यात नारळाचं दूध आणि ओल्या तुरीचे दाणे. शेजारी हिरवीगार पातळ भाजी. बायकोनं घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "अहो, हे तर आळूचं फदफदं!" खरंच, आळूची पानं, भेंडी आणि नारळाचं दूध. तिथं त्याला 'कॅलालू' म्हणतात आणि कधी त्यात खेकडाही घालतात. बायकोनं त्यांना शेंगदाणे आणि मुळा घालायला सांगितलं. त्यांनी तिला खेकडा घालायला सांगितलं. दोघींनी एकमेकींना मान डोलावली. घरी आल्यापासून आमच्या फदफद्यात खेकडा काही पडलेला नाही.

कॅलालू हा शब्द तिथले लोक स्वतःच्या समाजासाठीही वापरतात : सगळं एकजीव शिजलेलं. पण मास्तरांना तो पसंत नव्हता. त्यांचं म्हणणं, एकजीव करणाऱ्या भांड्यात कुणाची तरी चव मारली जाते, आणि बहुधा आमचीच. त्यांचा हा सल मला समजला. निवडणुका आल्या की दोन मोठे पक्ष बऱ्याच अंशी वंशाप्रमाणेच मतं मागतात, लोक तशी देतातही. आफ्रिकी-भारतीय जोडप्याच्या मुलाला 'डूगला' म्हणतात. हा आपल्या हिंदीतला 'दोगला', म्हणजे सरळसरळ शिवी. आता काही तरुण तोच शब्द छाती पुढं काढून स्वतःसाठी वापरतात. मास्तरांची नातही तशीच. तिचं नाव काढलं की मास्तरांचा आवाज मऊ होतो. मग कॅलालूचा वाद ते विसरून जातात.

होसेवरही सगळे खूश नाहीत. काही मशिदींतून सांगितलं जातं की हा इस्लामच नव्हे. काही शियांना रस्त्याच्या कडेची दारू आणि नाच सलतो. हा शोकाचा प्रसंग, त्याचा कार्निव्हल कसला करता, असं ते म्हणतात. दोन्ही बाजूंचं मी माझ्या गावातही ऐकलं आहे. माझ्या वडिलांना ताबूत मान्य नव्हते. अम्मी मात्र दर मोहरमला चोंगे करायची आणि पहिलं ताट गल्लीतल्या सुताराच्या घरी जायचं, कारण पंजाच्या चौकटीचा मान त्यांचा. वडील त्या दिवशी काही बोलत नसत, पण चोंगा खात.

शेवटच्या आठवड्यात आम्ही सिपारिया गावच्या चर्चमध्ये गेलो. तिथं मेरीची एक सावळी मूर्ती आहे. ख्रिस्ती लोक तिला दैवी गुराखीण म्हणून भजतात, हिंदू तिला 'सिपारी माई' म्हणतात. गुड फ्रायडेच्या सुमाराला हिंदू बाया तिथं तांदूळ-तेल वाहतात, बाळाचं जावळ काढतात. वांद्र्याच्या मोतमाउलीला नवस बोलणाऱ्या मुंबईकराला यात नवल वाटणार नाही. आम्ही गेलो तेव्हा चर्च रिकामं होतं, एक बाई फक्त फरशी पुसत होती.

डेरेक वॉलकॉट हा सेंट लुशियाचा कवी. १९९२ साली नोबेल घेताना त्यानं भाषणाची सुरुवात केली ती त्रिनिदादच्या फेलिसिटी या खेड्यातल्या रामलीलेपासून. आपण तिच्याकडे नाटक म्हणून पाहिलं, ती करणाऱ्यांच्या लेखी मात्र ती श्रद्धा होती, ही स्वतःची चूक त्यानं त्यात कबूल केली आहे. हे मी परतल्यावर वाचलं. जाण्यापूर्वी वाचायला हवं होतं.

ताजियांचं विसर्जन तिसऱ्या दिवशी, तिजाला, समुद्रात होतं. महिनाभराचं काम, पाण्यात जाताच कागद सुटतो, रंग पसरतो. संध्याकाळी आम्ही त्याच यार्डमध्ये निरोप घ्यायला गेलो. व्रत संपलं होतं, माणसं मोकळेपणानं बसली होती. एका म्हाताऱ्या वादकानं विचारलं, "तुमच्याकडे कसं वाजवतात?" लहानपणी मी दोन-तीन मोहरम ताशा बडवला होता, त्याला आता चाळीस वर्षं झाली. त्यानं ताशा शेकून माझ्या गळ्यात अडकवला. आमच्या गावात ताबूत वेशीबाहेर पडताना जे वाजतं, ते मी आठवून आठवून वाजवायला लागलो. दोन पोरांनी झांज धरली. तो चंद्र पेलणारा तरुण ढोलावर बसला. म्हाताऱ्यानं थोडा वेळ मान तिरकी करून ऐकलं आणि मग त्याचा कटर माझ्या ठोक्यांच्या मधल्या जागांत शिरला.

"हा कुठला हात?" त्यानं वाजवता वाजवता विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं. त्याला ते म्हणता येईना. त्यानं दोनदा प्रयत्न केला, पोरं हसली. तेवढ्यात माझी मनगटं भरून आली. मी काठ्या परत दिल्या. ते मात्र थांबले नाहीत.